थंडी सुरू झाली की ट्रकचं अॅव्हरेज का पडतं? (ड्रायव्हरवर शंका घेण्याआधी समजून घ्यायचंय)

इंद्रायणीकाठ | ९ डिसेंबर, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय ट्रकचा आहे पण त्यात एका माणसाची इज्जत अडकलीये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही मोशीला राहतो. दोन गाड्या आहेत, दोन्ही २०१८ च्या, बीएस फोर, सहाचाकी, माल चाकण एमआयडीसीतून उचलतो. एक गाडी नाशिकला जाते अंबड-सातपूरला आणि दुसरी कोल्हापूरला. नाशिकच्या गाडीवर मामा आहेत. नात्याने मामा नाहीत, पण वडील होते तेव्हापासून आमच्याकडे आहेत, नऊ वर्षं झाली, घरात सगळे मामाच म्हणतात.

तर झालंय असं की या गाडीचं अॅव्हरेज ऑक्टोबरात ६.२ होतं, नोव्हेंबर संपता संपता ५.७ झालं आणि मागच्या तीन ट्रिपा ५.३ वर आल्यात. जाऊन येऊन साडेतीनशे किलोमीटर धरले तर आधी साडेछप्पन लिटर लागायचं तिथे आता सहासष्ट लागतंय. साडेनऊ लिटर जास्त, म्हणजे एका ट्रिपला साडेआठशे रुपये गेले. कोल्हापूरची गाडी मात्र ६ वरून ५.७५ वर आलीये, बस तेवढंच.

मोठा भाऊ म्हणतो दोन्ही गाड्या एकाच वर्षाच्या, एकाच कंपनीच्या, थंडी दोन्हीकडे सारखी, मग एकीचंच एवढं कसं पडतं, मामा डिझेल काढतायत. गेल्या शनिवारी त्याने मामांच्या भत्त्यातून दीड हजार कापले. मामांनी एक शब्दही वाद घातला नाही. पैसे मोजून खिशात ठेवले आणि जाताना चावी टेबलावर ठेवली. नऊ वर्षं ते चावी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवून जातात. ती टेबलावरची चावी काही माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मला एवढंच विचारायचंय की थंडीने ट्रकचं अॅव्हरेज खरंच पडतं का, पडत असेल तर का आणि किती. ज्यांना माहितीये त्यांनी प्लीज सांगा.

---

घाटपायथा | ९ डिसेंबर, रात्री ११:४२

पडतं की. थंडीत डिझेल घट्ट होतं ना, त्यामुळे पंपाला जोर लागतो. आमच्याकडे सगळे हेच म्हणतात.

---

अंकगणित | १० डिसेंबर, सकाळी ७:०५

इंद्रायणीकाठ, तुमचा प्रश्न चांगला आहे आणि तुम्ही आकडे लिहून ठेवलेत हे त्याहून चांगलं. मी तीस वर्षं इंजिन टेस्टिंगमध्ये काढली, आता निवृत्त आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

आधी घाटपायथा यांच्या मुद्द्याबद्दल. डिझेलमध्ये मेण असतं आणि ते गारठ्यात धरतं हे खरं, पण पुण्याच्या थंडीत नाही. आपल्याकडे डिझेलचं मानक आयएस १४६० आहे. त्यात हिवाळ्याच्या डिझेलसाठी अशी अट आहे की ६ अंशापर्यंत ते फिल्टरमधून सुरळीत गेलंच पाहिजे. चाकणला पहाटे दहा-अकरा अंश असतात. तिथे डिझेल काही गोठत नाही, ते कारण डोक्यातून काढून टाका.

खरी कारणं तीन. पहिलं हवा. थंड हवा जड असते. ऑक्टोबरच्या दुपारी ३२ अंश आणि आता पहाटे १० धरलं तर हवेची घनता जवळजवळ ८ टक्क्यांनी वाढते, आणि ट्रकचं तोंड म्हणजे सपाट भिंत, त्या भिंतीने ती हवा ढकलायची असते. घनता ८ टक्के वाढली की तेवढ्याच वेगाला हवेचा विरोधही ८ टक्के वाढतो. एकूण डिझेलात तो तेवढा दिसत नाही कारण डिझेल बाकीही बऱ्याच ठिकाणी जातं, घाट चढायला, टायर फिरवायला, ब्रेक मारून परत वेग घ्यायला, पण दीड-दोन टक्के फरक त्यानेच पडू शकतो.

दुसरं ऑइल. इंजिन ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० असा ग्रेड असतो, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटरच. हे ऑइल १०० अंशाला जेवढं पातळ असतं त्याच्या सात-आठ पट घट्ट ४० अंशाला असतं आणि १० अंशाला त्याच्याही चार-पाच पट घट्ट. इंजिन ऑइल तरी वीस-पंचवीस मिनिटांत तापतं, पण गिअरबॉक्सचं आणि मागच्या हाउसिंगचं (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल कोण तापवणार? तिथे कुठली आग नाही, गिअर फिरून फिरून जेवढी उष्णता होईल तेवढीच. पहाटे चारला गाडी निघाली तर राजगुरुनगर-मंचरपर्यंत हाउसिंग गारच असतं, आणि त्या घट्ट ऑइलमधून क्राउन, म्हणजे आतलं मोठं गिअरचाक, फिरवायला डिझेलच जळतं.

तिसरं रबर. टायर दर फेऱ्याला दबतो आणि परत उभा राहतो, त्यात थोडी शक्ती वाया जाते, रबर गार असलं की जास्त जाते. त्यात थंडीने हवा उतरते. त्यावर कुणी टायरवाले लिहितील तर बरं.

आता किती ते बघू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा पेट्रोल कारसाठीचा आकडा असा आहे की २५ अंशाच्या मानाने उणे ७ अंशाला शहरात अॅव्हरेज साधारण १५ टक्के पडतं. लक्षात घ्या, उणे सात! तुमच्या नाशिकच्या गाडीचं पुण्याच्या थंडीत साडेचौदा टक्के पडलंय. कोल्हापूरचं चार टक्के पडलंय ते मला पटतं, ते थंडीचं आहे. नाशिकच्या गाडीत थंडी अधिक आणखी काहीतरी आहे. ते काहीतरी म्हणजे चोरीच असं म्हणायला मात्र अजून काही आधार नाही.

---

वडिलोपार्जित_ट्रान्सपोर्ट | १० डिसेंबर, सकाळी ९:३०

काकांचा अभ्यास मोठा आहे, मान्य. पण चाळीस वर्षांचा घरचा धंदा आहे आमचा, गाड्या अकरा, आणि अनुभव सांगतो की थंडीचं कारण ड्रायव्हर लोकांना आवडतं. हायवेवर कॅनने डिझेल घेणारे ठिकठिकाणी बसलेत. तुमच्या भावाला एकदम चूक म्हणू नका. टाकीला जाळी आणि लॉक बसवा, फ्युएल सेन्सर लावा, दूध का दूध होईल.

---

ड्रायव्हरची_लेक | १० डिसेंबर, दुपारी १:१५

मी इथे फारसं लिहित नाही पण हे वाचून राहवलं नाही. माझे बाबा बत्तीस वर्षं ट्रकवर होते, मार्केट यार्डातून माल घेऊन सगळीकडे जायचे. दर डिसेंबर-जानेवारीत त्यांचे पैसे कापले जायचे. दर वर्षी! उन्हाळ्यात अॅव्हरेज परत वर यायचं तेव्हा मात्र कोणी परत दिले नाहीत. लहानपणी आम्हाला वाटायचं संक्रांतीला बाबा कपडे का आणत नाहीत, तर हे कारण होतं.

आणि एक सांगते. थंडीत ड्रायव्हर गाडी चालू ठेवून केबिनमध्ये झोपतो किंवा बसतो कारण बाहेर गारठा असतो आणि त्याला बसायला दुसरी जागाच नसते. कंपन्यांच्या गेटवर पहाटे पाचला लाइन लावायची, गेट उघडणार आठला, तीन तास माणूस करणार काय. २०२५ मध्ये नव्या बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलं झालं, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांत पत्रा आणि फोमच आहे. तेव्हा गाडी किती वेळ उभी चालू असते ते बघा, पण मामांना धारेवर धरून नको, नीट बसून विचारा. आणि बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी घेऊन झोपू नका हेही सांगा, त्या धुराने माणूस झोपेतच जातो.

---

टायरवाला_उरुळी | १० डिसेंबर, दुपारी ३:५०

काकांनी बोलावलं म्हणून आलो. सरळ हिशोब सांगतो, ११०-१२० ची हवा असलेल्या ट्रकच्या टायरला दर १० अंशाला चार-साडेचार पीएसआयचा फरक पडतो. लोक काय करतात, गाडी लांबून आली, टायर तापलेत, दुपारचं ऊन आहे, त्यावेळी ११० मारून घेतात आणि म्हणतात झालं काम. अहो तो टायर आतून ६० अंशाला असतो. तीच हवा पहाटे ११ अंशाला ९२ दाखवते, पंक्चर नाही, वॉल लीक नाही, नुसत्या थंडीने! मग टायर बसका चालतो, रोड जास्त धरतो, गाडी जड वाटते, अॅव्हरेज जातं आणि खांद्याला झीज पण येते.

हवा पहाटे गाडी हलवायच्या आधी मोजायची. आणि मागच्या जोडीतला आतला टायर विसरायचा नाही, सगळे बाहेरचा मोजतात आणि आतल्याला हातोडी मारून आवाज ऐकतात. आवाजावर वीस पीएसआयचा फरक कळत नाही, मला पंचवीस वर्षांत कळला नाही. गेजच लावा. एक्स्टेन्शन नसेल तर घालून घ्या. आणि उलटं पण करू नका, गाडी आल्यावर गरम टायरला १२५ दिसली म्हणून हवा सोडायची नाही, ती उद्या पहाटे कमी होणारच आहे.

---

घाटपायथा | १० डिसेंबर, संध्या. ६:२०

अंकगणित काका धन्यवाद, डिझेलचं चुकीचं डोक्यात होतं. अजून एक विचारतो, थंड हवेत ऑक्सिजन जास्त असतो म्हणतात, मग इंजिनला ताकद जास्त मिळून अॅव्हरेज वाढायला नको का? आणि पहाटे डिझेल भरलं की जास्त मिळतं हे खरं का?

---

अंकगणित | १० डिसेंबर, रात्री ८:४५

ताकद मिळते, त्यात शंका नाही. पण घाट चढायला लागते तेवढीच ताकद तुम्ही वापरणार, डिझेल इंजिनमध्ये हवा भरपूरच असते, डिझेल किती सोडायचं तेवढं पायाने ठरतं. म्हणून जास्तीच्या ऑक्सिजनने अॅव्हरेजला विशेष फायदा नाही.

पहाटे भरण्याचं म्हणाल तर डिझेल दर अंशाला साधारण ०.०८ टक्के आकसतं. म्हणजे २५ अंशांचा फरक असेल तर लिटरमागे दोन टक्के माल जास्त बसेल. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट-दुपार असा फरक पोचतच नाही, त्यामुळे त्यासाठी लवकर उठायची गरज नाही.

---

इंद्रायणीकाठ | ११ डिसेंबर, सकाळी ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच शेजारच्या पंक्चरवाल्याकडून गेज मागून आणलं आणि आज पहाटे साडेतीनला मामांच्या बरोबरच उठून खाली गेलो. मामांना सांगितलं की मला शिकायचंय, खरं कारण सांगायला जीभ रेटली नाही. त्यांनी मोबाइलची बॅटरी धरली, मी गेज लावलं. पुढचे दोन ९२ आणि ९४. मागचे बाहेरचे ९३, ९५. आतले ८८ आणि ८६!! पाहिजेत ११०. हवा शेवटची कधी मारली विचारलं तर ऑक्टोबरात, नाशिकहून आल्या आल्या, दुपारी. टायरवाले दादा, तुम्ही लिहिलंय अगदी तसंच.

लगेच कॉम्प्रेसर असलेल्या दुकानावर नेऊन सहाही टायर ११० करून घेतले आणि मग गाडी गेली.

कोल्हापूरच्या गाडीचेही बघितले, ते १०० ते १०३ आहेत. तो ड्रायव्हर दर पंधरा दिवसांनी हवा बघतो म्हणे. मग आमच्या डोळ्यांसमोर दोन गाड्यांत एवढा फरक होता आणि आम्ही माणसांत फरक शोधत बसलो.

गाडी चालू ठेवायचंही विचारलं. निघताना हवेच्या ब्रेकचं प्रेशर भरायला आणि गाडी गरम करायला म्हणून अर्धा तास, आणि अंबडला गेटवर आणखी अर्धा-पाऊण तास. कोल्हापूरची गाडी दुपारी बाराला निघते, तिला हा प्रश्नच येत नाही, हे पण मला आजच सुचलं.

---

रस्त्यावरचा | ११ डिसेंबर, रात्री १०:०५

मी स्वतः चालवतो, चौदा टायर, चाकण ते दिल्ली साइड रेग्युलर आणि सीझनला काश्मीरचं सफरचंद घेऊन मार्केट यार्डाला येतो. ब्रेकच्या हवेला अर्धा तास लागत नाही, काटा पाच-सात मिनिटांत वर येतो, नाही आला तर कुठेतरी लीक आहे ते शोधा. गरम करायला उभं ठेवण्यापेक्षा दोन-तीन मिनिटांनी हळू निघायचं, पहिले दहा-बारा किलोमीटर कमी आरपीएमवर, जास्त रेस नाही. इंजिन लोडवर लवकर तापतं, उभ्याने तापत नाही, उभं राहून नुसतं डिझेल पितं.

आणि डिझेल गोठायचं म्हणताय ते मी डोळ्याने बघितलंय पण पुण्यात नाही, बनिहालच्या पुढे. ऑक्टोबरात इथून टाकी फुल्ल करून गेलो, वाटेत थोडं थोडं टाकत. पहाटे गाडी सुरू झाली आणि दोन मिनिटांत बंद. फिल्टर खोलला तर आत पिवळं मेणच मेण, बोटाने काढण्यासारखं. बाजूचा एक जण टाकीखाली जाळ करत होता, त्याला ओरडून थांबवलं. मग ऊन येईपर्यंत बसून राहिलो आणि फिल्टर गरम पाण्याच्या बादलीत ठेवला.

---

अंकगणित | ११ डिसेंबर, रात्री १०:५०

रस्त्यावरचा, तुमच्या अनुभवात एक गोष्ट दडलेली आहे. मी हिवाळ्याच्या डिझेलची ६ अंशाची अट लिहिली, पण उन्हाळी मालाला तीच अट १८ अंशाची आहे. ऑक्टोबरात पुण्यात भरलेलं डिझेल उन्हाळी अटीतलं असू शकतं आणि तुम्ही ते काश्मीरला घेऊन गेलात. वर जाणाऱ्यांनी पंजाब ओलांडायच्या आत टाकी होईल तेवढी रिकामी करून तिकडचं डिझेल भरावं. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये वेगळं विंटर डिझेल काढलं, पानिपत रिफायनरीत बनतं, उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहतं.

---

जुना_फिटर | १२ डिसेंबर, रात्री ९:१५

इंद्रायणीकाठ भाऊ सगळं वाचलं. हवा झाली, उभं ठेवणं झालं. पण मला एक सांगा, गाडी चालताना टेंपरेचरचा काटा कुठे असतो? मध्यावर येतो का?

---

इंद्रायणीकाठ | १२ डिसेंबर, रात्री १०:४०

आत्ता मामांना फोन लावला. ते म्हणाले, "काटा वर येतच नाही शेठ, पावाच्या खालीच असतो, नोव्हेंबरात मोठ्या शेठना सांगितलं होतं मी." भावाला विचारलं तर म्हणाला हो, म्हणले होते, पण गाडी तापत नाही ही चांगलीच गोष्ट आहे ना म्हणून मी लक्ष दिलं नाही. मलाही आत्तापर्यंत तेच वाटत होतं.

---

जुना_फिटर | १२ डिसेंबर, रात्री ११:३०

तिथेच सापडलं समजा. गाडीचा थर्मोस्टॅट वॉल कोणीतरी काढून टाकलाय, नाहीतर तो उघडा अडकलाय.

समजावून सांगतो. इंजिनातलं पाणी ८०-८२ अंश होईपर्यंत हा वॉल बंद असतो, पाणी इंजिनातच फिरतं, रेडिएटरला जात नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. वॉल काढला की गार इंजिनचं गार पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. उन्हाळ्यात त्याने फारसं कळत नाही, बाहेरच ४० अंश असतात. थंडीत १० अंशाची हवा समोरून येते आणि इंजिन कधी पन्नास-साठच्या वर जातच नाही. ऑइल घट्टच राहतं, डिझेल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं, लाइनर झिजतात. आणि तुमची गाडी कॉमनरेल आहे, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते सेन्सर बघून कंप्युटर ठरवतो, तिच्या सेन्सरला इंजिन गारच दिसणार, मग ती गार इंजिनच्या हिशोबानेच डिझेल सोडत राहणार.

एप्रिल-मेमध्ये गाडी तापली की मिस्त्री लोक पहिलं काम हेच करतात, वॉल काढ आणि फेक. मी पण तरुणपणी केलंय, मला तसंच शिकवलं होतं. नंतर कळलं की खूप इंजिनांमध्ये वॉलच बायपासचा रस्ता बंद करतो, तो काढला की बायपास उघडाच राहतो, थोडं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात येतं आणि भर उन्हात घाटात गाडी उलट जास्त तापते. म्हणजे थंडीत पण नुकसान आणि उन्हाळ्यात पण.

टेस्ट सोपी आहे. पहाटे गार गाडी सुरू करा आणि इंजिनकडून रेडिएटरच्या वरच्या टाकीला येणारा जाड होजपाइप हाताने धरून बसा, पंख्यापासून हात लांब ठेवून. वॉल असेल तर पाइप बराच वेळ गार राहील आणि मग काटा वर आल्यावर एकदम चटका बसेल. वॉल नसेल तर पाइप सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत जाईल.

रेडिएटरपुढे पुठ्ठा किंवा पोतं लावतात तसं करू नका, समोर इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी) असतो त्याची पण हवा अडते.

---

इंद्रायणीकाठ | १३ डिसेंबर, सकाळी ६:२०

कोमट!! दोन मिनिटांत कोमट व्हायला लागला. मी आणि मामा दोघांनी हात लावून बघितला. मामा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

गाडी मे महिन्यात चंदनापुरी घाटात तापली होती, तेव्हा वाटेतल्या एका गॅरेजला काम केलं होतं. मामा म्हणाले तेव्हा काहीतरी गोल पितळी काढून बाजूला ठेवलेलं आठवतं, विचारलं तर लागत नाही म्हणाले.

आता लगेच वॉल बसवत नाही. भाऊ म्हणतो एकदम सगळं बदललं तर कशाने किती फरक पडला कळणार नाही, आणि त्याला ते कळायला हवंय. मला हे पटलं. आधी हवा, मग उभं ठेवणं, मग वॉल, प्रत्येकाच्या तीन-तीन ट्रिपा, टाकी फुल्ल ते फुल्ल, एकच पंप, एकच नोझल, आणि नोझल आपोआप बंद होतं त्या पहिल्या कटला थांबायचं.

---

वडिलोपार्जित_ट्रान्सपोर्ट | १३ डिसेंबर, सकाळी १०:००

माल पण सारखा ठेवा मग. आणि सध्या उसाचा हंगाम आहे, मंचर-नारायणगाव पट्ट्यात डबल ट्रॉलीमागे अडकलं की सेकंड-थर्डमध्ये चालावं लागतं, कुठल्या ट्रिपला किती अडकले ते मामांना लिहायला सांगा. आकड्यांची वाट बघतो. आमच्याकडेही दोन गाड्यांचा काटा वर येत नाही, उद्या होजपाइप बघतो.

---

इंद्रायणीकाठ | ६ जानेवारी, रात्री १०:२०

उशीर झाला, आकडे जमवत होतो. माल दर वेळी जवळजवळ सारखाच होता, एक ट्रिप ट्रॅफिकमुळे सोडून दिली आणि परत केली.

नुसती हवा नीट केल्यावर ५.३ चं ५.४५ झालं. म्हणजे ट्रिपला १.८ लिटर वाचलं. गाडी उभी चालू ठेवणं बंद केल्यावर ५.६३, आणखी २ लिटर. यासाठी मामांना एक जाड ब्लँकेट आणि थर्मास घेऊन दिला आणि अंबडच्या कंपनीतल्या साहेबांना फोन करून विनंती केली, आता ते मामांना सिक्युरिटीच्या खोलीत बसू देतात. मग नवीन थर्मोस्टॅट बसवला, हजाराच्या आत आला, आणि ५.९५ झालं, आणखी ३.३ लिटर. आता काटा आळेफाट्याच्या बराच अलीकडे मध्यावर येतो आणि तिथेच राहतो. इंजिन ऑइल पण बदललं, जुन्याला डिझेलचा वास येत होता.

६.२ च्या मानाने अजून २.४ लिटर जास्त लागतंय, म्हणजे अॅव्हरेज चार टक्के कमी. कोल्हापूरच्या गाडीचेही चारच टक्के पडलेत. अंकगणित काका, तुम्ही पहिल्याच दिवशी चार टक्के थंडीचे म्हणाला होतात.

साडेनऊ लिटरचा पूर्ण हिशोब लागला आणि त्यात एक थेंबही मामांचा निघाला नाही. कागदावर लिहून भावाला दाखवलं. त्याने दोनदा वाचला, आणि शनिवारी भत्त्याबरोबर दीड हजार परत दिले, आणि तोंडाने म्हणाला की मामा माझं चुकलं, तुम्ही काट्याचं सांगितलं होतं ते मी ऐकलं नाही. मामा म्हणाले असू द्या. पण चावी अजून टेबलावरच ठेवून जातात.

ड्रायव्हरची_लेक ताई, तुमचा प्रतिसाद मी भावाला मोठ्याने वाचून दाखवला होता. तो त्या दिवशी जेवला नाही.

---

ड्रायव्हरची_लेक | ६ जानेवारी, रात्री ११:००

वाचलं. बाबांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले रेडिएटर बघितला का विचार, मेमध्ये गाडी तापली होती ती कशाने?

---

जुना_फिटर | ७ जानेवारी, सकाळी ७:४०

बाबा बरोबर बोलले, तेच लिहायला आलो होतो. वॉल परत बसवला पण मूळ दुखणं तसंच आहे. रेडिएटर बाहेर काढून साफ करून घ्या, इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत माती-कचरा भरतो तो बाहेरून दिसत नाही. साधं पाणी घालत असाल तर बंद करा, कूलंट घाला. पंख्याचा क्लच पण बघा, तो कायम अडकून फिरत असेल तर तो वेगळं डिझेल खातो. मार्चच्या आत करा, नाहीतर परत घाटात तापली की कोणीतरी वॉल काढेल.

---

इंद्रायणीकाठ | ७ जानेवारी, सकाळी ८:१०

येत्या रविवारी दोन्ही गाड्यांचे रेडिएटर काढतोय. मामा सुट्टी असून येणार म्हणालेत. त्यांचीही एकच अट आहे, यावेळी जे काही गाडीतून बाहेर निघेल ते त्यांच्या हातात द्यायचं, ते बघतील आणि मगच टाकायचं.